बाग, तलाव, पुतळा, किल्ला: ठाणे-नवी मुंबईत या बीटवर नवीन लागलेल्यांसाठी

नवीन भरतीतली पोरंपोरी पोलीस ठाण्यात हजर झाली की पहिल्या सहा महिन्यांत कधी ना कधी बागेचा पॉइंट किंवा पुतळ्याचा बंदोबस्त लागतोच, आणि लागला की चेहरा पडतो. बाकीचे तपासाला जातात आणि मी इथे झाडं मोजत बसू का, असं वाटतं. मी खात्यात ३१ वर्षं काढली, शेवटची सहा-साडेसहा वर्षं माझ्या बीटमध्ये, म्हणजे मला नेमून दिलेल्या हद्दीच्या तुकड्यात, दोन तलाव, चार-पाच बागा आणि तीन पुतळे होते. त्या सहा वर्षांत माणसं जेवढी कळली तेवढी आधीच्या पंचवीस वर्षांत कळली नव्हती, म्हणून हे लिहितोय. अंमलदारांसाठी आहेच, पण सुरक्षा रक्षक मंडळाकडून किंवा एजन्सीकडून बागेच्या गेटवर लागलेल्या गार्डांनीही वाचा, कारण निम्मं काम तुमचंच आहे.

जागा कोणाची ते आधी शोधा

पहिल्या दिवशी हेच करायचं. अमेरिकेत वॉशिंग्टनला बागा आणि स्मारकांसाठी वेगळं पोलीस दलच आहे, १७९१ मध्ये पहारेकरी म्हणून सुरू झालेलं आणि १९१९ पासून युनायटेड स्टेट्स पार्क पोलीस नावाचं. आपल्याकडे असं काही नाही. आपल्याकडे पोलीस सगळीकडे तेच, पण जमीन कोणाची हे प्रत्येक फर्लांगावर बदलतं आणि फोन कोणाला लावायचा तेही बदलतं.

म्हणजे बघा, तलावपाळी आणि उपवन ठाणे महापालिकेचं. उपवनाहून वर येऊरच्या गेटमधून आत गेलात की वनखातं सुरू, कारण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबट्या दिसला तर तुम्ही काठी घेऊन पुढे व्हायचं नाही, गर्दी मागे सारायची आणि वनखात्याला १९२६ वर कळवायचं. नेरूळचं वंडर्स पार्क, वाशीचं सागर विहार नवी मुंबई महापालिकेचं. खारघरला तर नवीन माणूस गोंधळतोच, कारण खारघर पनवेल महापालिकेत, आयुक्तालय मात्र नवी मुंबई पोलिसांचं, सेंट्रल पार्क बांधलं सिडकोने, आणि तिथूनच दिसणारा पांडवकडा धबधबा वनखात्याचा. घोडबंदर रोडवर ड्युटी असेल तर लक्षात ठेवा, रोडचा मोठा भाग ठाण्याचा पण घोडबंदरचा किल्ला २०२० पासून मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयात, आणि किल्ला राज्य पुरातत्त्वच्या ताब्यात. अंबरनाथचं शिवमंदिर केंद्राच्या म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात, त्यांचं मुंबई मंडळाचं ऑफिस सायनच्या किल्ल्यावर आहे. बेलापूरच्या किल्ल्याच्या जतनाचं काम सिडकोने हातात घेतलेलं. आणि ठाण्याचा किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला, तो आज मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे पहारा कारागृह खात्याचा, तुमचं काम बाहेरच्या रस्त्यापुरतं.

हे पाठ करायला सांगत नाही. एक छोटी डायरी करा आणि तुमच्या बीटमधल्या प्रत्येक जागेपुढे तीन नंबर लिहा: जागा ज्याची त्या खात्याचा माणूस (उद्यान विभागाचा, वनपाल, पुरातत्त्वचा स्मारक परिचर, जो असेल तो), लाइटवाला, आणि गेटच्या चावीवाला. चावीवाल्याचा नंबर रात्री दोन वाजता लागतो आणि तेव्हा तो कोणाकडेच नसतो.

उजेडात एकदा पूर्ण फिरून घ्या

ड्युटी रात्रीची असली तरी पहिली फेरी दिवसाच मारा, एकटे नाही, बागेच्या माळ्याला बरोबर घेऊन. माळ्याला जे माहीत असतं ते कुठल्याच फायलीत नसतं. कंपाउंडची भिंत कुठे पडली आहे, कुठल्या ग्रिलचे दोन गज वाकवून माणूस जाईल एवढी फट केली आहे, कुठल्या खांबाचा दिवा महिनाभर बंद आहे, पंप हाऊसच्या मागे कोण बसतं. कॅमेरे कुठे आहेत ते बघाच, पण त्यातला चालू कुठला आणि समोर झाड वाढल्यामुळे नुसता पानं दाखवणारा कुठला हे कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर जाऊन बघा. माझ्या बीटमध्ये एका बागेत सहा कॅमेरे होते आणि त्यातल्या दोनात वर्षभर फक्त गुलमोहर दिसत होता. उद्यान विभागाला पत्र दिलं, पंधरा दिवसांत फांद्या कापल्या, पत्राची एक प्रत मी ठाण्यात लावून ठेवली. तोंडी सांगू नका, लेखी द्या.

तलाव असेल तर पायऱ्या कुठे संपतात, शेवाळ कुठल्या बाजूला आहे, लाइफ रिंग आणि दोर कुठे टांगलाय आणि तो कुलपात तर नाही ना हे बघून ठेवा.

माणसं ओळखा, नावानिशी

सकाळी साडेपाचला बाग उघडते तेव्हा येणारी माणसं रोज तीच असतात. हास्यक्लबचे काका, बाकावर पेपर वाचणारे दोघे-तिघे, कुत्र्यांना खायला घालणाऱ्या ताई, गेटबाहेरचा नारळपाणीवाला, झाडू मारणाऱ्या मावशी. यांच्याशी पहिल्या आठवड्यात बोला, चहा प्या, तुमचं नाव सांगा, त्यांचं विचारा. हे टाइमपास नाही, हेच काम आहे. नवीन माणूस बागेत तीन दिवस फिरतोय आणि व्यायाम करत नाही, फक्त बायकांच्या गळ्याकडे बघतोय, हे तुम्हाला कळणार नाही पण मावशींना कळतं. त्या सांगतील कोणाला, तर ज्याचं नाव त्यांना माहिती आहे त्याला.

तिथेच राहणारी, झोपणारी पण माणसं असतात. व्हाइटनर हुंगणारी दहा-बारा वर्षांची पोरं दिसली तर त्यांना पिटाळून लावून काही होत नाही, ती पुढच्या पुलाखाली जातात. बाल न्याय कायद्याप्रमाणे ते मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल आहे, १०९८ ला कळवा, ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला सांगा. मोठे गर्दुल्ले वेगळे, ते नळ, केबल, ग्रिल, गटारावरची झाकणं उचलतात, आणि ते माल कुठल्या भंगारवाल्याकडे नेतात हे शोधलंत तर महिनाभराच्या चोऱ्या एका दिवसात थांबतात.

वेळा

सकाळी साडेपाच ते साडेआठ बागेत गर्दी असते पण चेन स्नॅचिंग बागेत होत नाही, गेटपासून शंभर-दोनशे मीटरवर होतं, वयस्कर बाई एकटी घरी निघालेली असते तेव्हा, बाइकवर दोघं. म्हणून त्या वेळेला तुम्ही आत झाडाखाली उभे राहू नका, गेटबाहेरच्या गल्लीत दिसा. आता भारतीय न्याय संहितेत हिसकावण्याचं वेगळं कलम आहे, ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. दुपारी एक ते चार बाग रिकामी असते आणि नको ते प्रकार तेव्हा होतात, नवीन पोरं नेमकी तेव्हाच जेवून सावलीत बसतात. संध्याकाळी मुलं हरवतात. दिवाळी पहाटेला तलावपाळीला तरुणांची जी गर्दी होते ती एकदा बघितलीत तर बाकी सगळं सोपं वाटेल, तिथे तुमचं एकच काम, गर्दी थांबू द्यायची नाही, चालती ठेवायची.

जोडपी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नवीन पोरांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं.

बागेत मुलगा-मुलगी बाकावर शेजारी बसलेत, हातात हात आहे. हा गुन्हा नाही. कुठल्याही कलमात नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११० कलम असभ्य वर्तनासाठी आहे आणि न्याय संहितेचं २९६ अश्लील कृत्यासाठी, ज्याचा दुसऱ्यांना त्रास होतो. बसण्यासाठी नाही. कोणी खरंच मर्यादा सोडली, बाजूला मुलं खेळतायत, तर जवळ जाऊन हळू आवाजात सांगा की इथे लहान मुलं आहेत, एवढं पुरतं, शंभरातली नव्व्याण्णव जोडपी खाली मान घालून उठतात. त्यांचा मोबाईल तपासायचा नाही, बापाला फोन लावतो म्हणायचं नाही, आयकार्ड काढ, कॉलेज कुठलं, हे विचारत अर्धा तास उभं करायचं नाही, आणि पैसे तर हातात घ्यायचेच नाहीत. दंड असेल तर पावती असते, पावती नाही तर दंड नाही.

का सांगतोय एवढं, ते ऐका. माझ्या बीटमधल्या एका टेकडीवरच्या बागेत दोन माणसं चार महिने जोडप्यांना लुटत होती. साध्या कपड्यात, एकाचे केस बारीक कापलेले, पायात खाकी रंगाचे बूट, हातात वायरलेससारखं दिसणारं काहीतरी. आम्ही पोलीस, चला ठाण्यात, घरच्यांना बोलावतो, नाहीतर मिटवून टाका. पोरं घाबरून अंगठी, चेन, पाच-दहा हजार, असेल ते देऊन टाकायची. चार महिन्यांत एक पण तक्रार नाही आली. एक पण नाही. शेवटी नर्सिंग शिकणारी एक मुलगी आली, तिच्या आजीची अंगठी गेली होती म्हणून, आणि ठाण्याच्या दारात वीस मिनिटं नुसती उभी होती, आत येईना. मी तिला विचारलं आधी का नाही आलीस, तर ती म्हणाली, काका, मला वाटलं ते खरेच पोलीस आहेत, खरे पण असंच करतात ना.

ते वाक्य मला अजून टोचतं. तोतया पोलिसाला धंदा करता येतो तो आपण खरे जसे वागतो त्याच्या जोरावर. तुम्ही बागेत जोडप्यांना दमात घेत असाल तर तुम्ही त्या चोरांसाठी जमीन नांगरून देताय. त्या मुलीमुळे ते दोघं आठ दिवसांत सापडले. त्यानंतर आम्ही बागेच्या गेटवर बोर्डच लावला की पोलीस कोणाकडूनही रोख पैसे घेत नाहीत, कोणी मागितले तर ११२ ला फोन करा. तुमच्या बीटमध्ये असा बोर्ड नसेल तर साहेबांना सांगून लावून घ्या.

एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मुलगी अठराच्या आतली वाटतेय आणि बरोबरचा माणूस बराच मोठा आहे, ती रडतेय किंवा गप्प आहे, तर सोडून जायचं नाही. महिला अंमलदार किंवा दामिनी पथक बोलवा, मुलीशी वेगळं बसून बोलू द्या, पोक्सोचा, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचा, मामला असू शकतो. तेव्हा सुद्धा गर्दी जमवायची नाही.

पुतळा

पुतळ्याची ड्युटी कंटाळवाणी वाटते आणि सगळ्यात जोखमीची तीच. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, ६ डिसेंबर हे दिवस तर आहेतच, पण खरी परीक्षा साध्या रात्री असते, काहीही कारण नसताना.

चार्ज घेतला की लगेच पुतळ्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, मोबाईलमध्ये तारीख-वेळ दिसेल असे, चबुतरा, पाटी, रेलिंग, हार, सगळं. सोडताना परत काढा. पाच मिनिटं लागतात. आता ऐका त्याचा उपयोग काय झाला.

पहाटे सव्वापाच, माझा रिलीव्हर यायला पाऊण तास होता. मी चौकाच्या पलीकडे एक फेरी मारून आलो तर हार तुटून चबुतऱ्यावर पडलेला, झेंडू सगळीकडे, आणि पुतळ्याच्या छातीवर बोटभर लांबीचा ओरखडा, रंग निघालेला. दूधवाला उभा होता, त्याने बघितलेलं. दहा मिनिटांत तीस माणसं. एक पोरगा मोबाईल वर धरून शूटिंग करायला लागला आणि मागून कोणीतरी ओरडलं, बंद करा रे चौक.

तेव्हा मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण हे तुम्हाला कधीतरी करायला लागणार आहे. आधी कंट्रोलला कळवलं, दोन वाक्यात, काय झालंय आणि किती माणसं आहेत. मग चबुतऱ्याच्या पायरीवर स्वतः उभा राहिलो आणि कोणाला वर येऊ दिलं नाही, एक जण ओला फडका घेऊन पुसायला निघाला होता त्याला हात जोडून थांबवलं. पंचनामा होईपर्यंत काही पुसायचं नाही, हार उचलायचा नाही, कितीही वाईट दिसत असलं तरी, कारण पुसलं की पुरावा गेला आणि मग जो तो आपल्या मनातलं नाव घेतो. गर्दीवर आवाज चढवला नाही. त्यांना राग येणं बरोबर आहे, त्यांचं दैवत आहे, माझंही आहे, हे मी त्यांना तोंडाने सांगितलं. मग वस्तीतल्या दोन ज्येष्ठ माणसांना नावाने पुढे बोलावलं, रात्री अकराचे माझे फोटो दाखवले की तेव्हा सगळं नीट होतं, आणि साहेब आल्यावर त्याच दोघांना घेऊन समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं. पाच वाजून चार मिनिटांनी दोन कावळे हारावर बसले, ओढाताण झाली, हार तारेत ओवलेला होता, ती तार छातीवरून घासत खाली आली. त्या दोघांनी बाहेर जाऊन सांगितलं आणि लोक घरी गेले. मी सांगितलं असतं तर गेले नसते.

म्हणून वस्तीतली माणसं आधी ओळखीची पाहिजेत. आणि त्यानंतर आम्ही हार घालणाऱ्या मंडळांना विनंती केली की दोऱ्यातला हार आणा, तारेतला नको, आणि रात्री हार उतरवायचा असेल तर तो मंडळाच्या माणसानेच उतरवायचा, पोलिसाने एकट्याने कधी हात लावायचा नाही.

खरंच कोणी विटंबना केली असेल तर पायऱ्या याच, फक्त आजूबाजूची जागा दोरीने बांधून घ्या आणि व्हिडिओ पसरवू नका असं पोरांना समजावून सांगा. दोन समाजात तेढ निर्माण करायची कलमं फॉरवर्ड करणाऱ्यालाही लागतात हे त्यांना माहीत नसतं.

दगड

किल्ला आणि जुनं मंदिर यांची राखण वेगळी, कारण इथलं नुकसान भरून निघत नाही. अंबरनाथचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे तिथे. महाशिवरात्रीला लाखाने माणूस येतो तेव्हा प्रत्येकाचा हात त्या कोरीवकामावरून जातो, कोणी कुंकू लावतं, कोणी कोनाड्यात तेलाचा दिवा ठेवतं, काजळी धरते. भाविकाला ओरडायचं नाही, दिवा कुठे ठेवायचा ती जागा दाखवायची.

नाव कोरणारा सापडला तर? हे मी एकदा जवळून बघितलंय. सतरा-अठराचा पोरगा, बाइकच्या चावीने बुरुजावर नाव लिहीत होता, दोन अक्षरं झाली होती. आपला काळा दगड जुना झाला की वरून काळपट-शेवाळी होतो, पण ताजा ओरखडा आतून फिकट राखाडी दिसतो आणि त्याखाली बारीक भुकटी पडलेली असते, बोट लावलं की बोटाला लागते. शेजारच्या जुन्या नावांच्या रेघा मात्र काळ्या पडलेल्या. म्हणजे त्याने काय केलं आणि आधीच्यांनी काय केलं हे दगडच सांगतो. त्या ओरखड्याचा फोटो शेजारी पेन किंवा नाणं ठेवून काढा म्हणजे लांबी कळते, भुकटी झटकू नका, चावी ताब्यात घ्या, दोन पंच बघा, आणि स्मारकाच्या माणसाला बोलवा.

कायदा असा, केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, कलम ३०, त्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्याचं असेल तर राज्याचा १९६० चा कायदा. दोन्हीत नसलेला बुरूज, पालिकेची भिंत, पुतळा असेल तर विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आणि न्याय संहितेचं ३२४. स्प्रे पेंट मारलेला दिसला तर थिनर आणून घासायला लागू नका, रंग दगडात आणखी आत जातो, ते काम पुरातत्त्वच्या रसायनवाल्या लोकांचं.

अजून एक, केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगी लागते. रात्री विटांचा ढीग, जेसीबी दिसला तर ते तुमचं काम नाही असं म्हणू नका, डायरीला नोंद करा आणि सकाळी पुरातत्त्वला कळवा.

अमावास्येच्या आसपास पडक्या किल्ल्यात लिंबू, नारळ, ताजा खड्डा दिसला तर गुप्तधनवाले समजा. खड्डा बुजवू नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात गुप्तधनासाठी अघोरी प्रकार येतात, आणि खरंच जमिनीतून काही निघालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवायला लागतं, ते आपोआप सापडणाऱ्याचं होत नाही. अशा ठिकाणी एकट्याने जायचं नाही, आणि लहान मूल कोणाबरोबर दिसलं तर तिथेच थांबून मदत मागवायची.

पाणी, मधमाश्या, साप

कोणी बुडताना दिसला की पोहता येत असलं तरी उडी मारू नका. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात, हे मी बघितलंय. दोर, रिंग, बांबू, काहीच नाही तर ओढणीला ओढणी बांधून फेका, १०१ आणि १०८ लावायला कोणालातरी बोट दाखवून सांगा, नुसतं फोन करा रे म्हटलं की कोणीच करत नाही. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. श्वास नसेल तर तोंडावाटे श्वास द्या आणि छाती दाबा, तीस दाब, दोन श्वास, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. हे नुसतं वाचून येत नाही, अग्निशमन दलाकडे जाऊन एकदा हाताने करून बघा.

पांडवकड्याला पावसाळ्यात दरवर्षी प्रवेशबंदीचा आदेश निघतो कारण वर पाऊस पडला की खालचं पाणी मिनिटात वाढतं. पोरं मागच्या वाटेने जातात. तिथे बंदोबस्त लागला तर मेन रोडवर नाही, त्या पायवाटांवर उभे राहा.

किल्ल्यावर आग्या मोहोळ असतं. माश्या उठल्या तर हात हलवायचे नाहीत, तोंड झाकून सरळ लांब पळायचं, आणि लोकांना चूल-शेकोटी करू न देणं हा त्यावरचा खरा इलाज. साप चावला तर बांधू नका, कापू नका, चोखू नका, पाय-हात हलवू न देता सरकारी हॉस्पिटलला न्या.

कागद

तुम्ही केलेलं काम डायरीत नसेल तर ते झालंच नाही. कोणाला हटकलं, कुठला दिवा बंद होता, कोणाला फोन केला, वेळेसकट.

गार्ड लोकांसाठी खास: तुम्हाला पोलिसांचे अधिकार नाहीत, पण तुमच्या समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कोणीही नागरिक त्या माणसाला पकडू शकतो, मात्र उगाच उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांकडे द्यायला लागतं. खोलीत डांबून मारायचं नाही, मारलंत की गुन्हा तुमच्यावर.

अंमलदारांसाठी: सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक नाही, अगदी तसंच कारण असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी. बाई, पंधराच्या आतलं मूल, साठच्या वरचा माणूस यांचा साक्षीदार म्हणून जबाब पाहिजे तर त्यांच्या घरी जायचं, ठाण्यात बोलवायचं नाही. बागेतले निम्मे साक्षीदार साठच्या वरचेच असतात, म्हणून हे लक्षात ठेवा. आणि हद्द तुमची नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते.

बाग बंद करताना

शिट्टी वाजवून गेटला कुलूप लावणं म्हणजे बाग बंद करणं नाही. गार्डला घेऊन उलट्या दिशेने फिरा, म्हणजे मागच्या भिंतीपासून गेटकडे, माणसं आपोआप पुढे सरकतात. टॉयलेट, पंप हाऊस, घसरगुंडीच्या खालची जागा, झाडांच्या मागचे बाक. टॉयलेटमध्ये आवाज देऊन मगच दार ढकला, लेडीजमध्ये मावशींना पाठवा.

शेवटच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसापाशी थांबा. मी एका काकांना तीन दिवस बघत होतो, रोज बंद व्हायच्या वेळेला शेवटपर्यंत बसायचे, चौथ्या दिवशी शेजारी बसून विचारलं कुठे राहता, तर त्यांना सांगताच येईना. शर्टाच्या कॉलरच्या आत मुलीने निळ्या पेनाने फोन नंबर लिहून ठेवला होता. तीन दिवस त्यांना नारळपाणीवाला घरापर्यंत सोडत होता आणि त्या दिवशी तो आला नव्हता. तेव्हापासून कॉलर बघायची सवय लागली मला, तुम्हीही लावून घ्या. मग दिवे, मग कुलूप, मग चावी कोणाकडे दिली ते रजिस्टरला, सही आणि वेळ.